पायाळू ड्रायव्हर आणि माझा मणका

चाक फिरतंय तोवर तोंड उघडायचं नाही, असा माझ्या ड्रायव्हरचा, भाऊंचा, नियम होता. तो कुणी घालून दिला नव्हता, त्यांचा त्यांनीच लावून घेतला होता, आणि हिंगोली डेपोतले सगळे कंडक्टर त्याला वैतागलेले होते. औंढ्याला गाडी उभी असताना मी विचारावं, "भाऊ, उद्या आपल्याला कोणती गाडी?" त्यांनी म्हणावं, "उद्या मला वाटतं आपल्याला..." आणि तेवढ्यात मी सवयीनं डबल घंटी दिली की संपलं. गिअर पडला, चाक फिरलं, तोंड बंद. मग शिरड शहापूर येईपर्यंत त्यांच्या मानेकडं बघत बसायचं. तिथं गाडी टेकली, हँडब्रेक ओढला की मान न वळवता उत्तर यायचं, "सेनगावची."

नव्या प्रवाशांना वाटायचं, ड्रायव्हर स्वतःशीच बोलतोय. जुने हसायचे. डेपोत त्यांचं नाव ‘पुढचा थांबा’ असं पडलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं.

मी त्यांच्या गाडीवर पहिल्यांदा गेले त्या दिवशी त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं आणि म्हणाले, "बाई, माझ्या दोनच गोष्टी. एक, घंटी टायमाला पायजे. दोन..." दारातून शेवटची बाई चढली होती, मी घंटी दिली. दुसरी गोष्ट कळायला मला औंढ्यापर्यंत थांबावं लागलं. "...माझ्या डब्यातलं लोणचं मागायचं न्हाई."

मी म्हटलं, "मला लोणचं चालतच नाही."

"मंग जमंल," ते म्हणाले. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं जमलं.

हे लोकांना समजावून सांगावं लागतं, की ड्रायव्हरला त्याचा कंडक्टर दिसत नसतो, फक्त ऐकू येतो. गर्दीची गाडी असली की मध्ये पन्नास डोकी, पोती, दुधाचे कॅन आणि कुणाची तरी शेळी. मागं काय चाललंय ते पुढं घंटीच्या दोरीवरून कळतं. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. बाकीच्या ड्रायव्हरांना एवढंच कळायचं. यांना घंटीवरून मी चिडलेय की भुकेली आहे तेही कळायचं. एकदा मी घरी भांडून आले होते, तर पहिल्याच थांब्यावर म्हणाले, "बाई, दोरीनं काय घोडं मारलं?"

त्यांचा दुसरा लौकिक पायाचा होता. ते पायाळू होते. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेला माणूस म्हणजे पायाळू, आणि अशा माणसानं पाठीला पाय लावला की चमक जाते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. एसटीत तर पाठ धरलेली नाही असा माणूस शोधून सापडत नाही. सकाळी पहिल्या गाड्या सुटायच्या आधी डेपोच्या पिंपळाखाली तीन-चार ड्रायव्हर, एखादा मेकॅनिक, कधी बाहेरचा एखादा शेतकरी पाठ करून उभे असायचे. भाऊ उजव्या पायातला बूट काढायचे, मोजा खिशात घालायचे, आणि एकेकाच्या पाठीला तळवा तीनदा असा लावायचे, जसं कुणी बंद दार पायानं ढकलावं. बोलायचे काहीच नाहीत. एकानं हसत विचारलं होतं, "भाऊ, आता चाक कुठं फिरून राहिलं? बोला की." तर म्हणाले, "पाय फिरतोय ना."

माझी पाठ दुखायला लागली ती दिवाळीच्या गर्दीत. मधोमध, खांद्यांच्या बरीच खाली. मी काही तिचं कौतुक केलं नाही. उभ्यानं दिवस काढणाऱ्या बाईची पाठ दुखणार नाही तर काय, असं मी स्वतःलाच सुनावलं. एका डॉक्टरनं गोळ्या आणि मलम दिलं. गोळ्या असेपर्यंत बरं वाटायचं. संध्याकाळी अंग थोडं गरम लागायचं, ते उन्हातून आल्यामुळं. जेवण जात नव्हतं, ते दगदगीमुळं. वजन उतरलं तर मी खूशच झाले, खाकी ड्रेस दोन्हीकडून टाचून घेतला आणि शेजारणीला दाखवला. पन्नाशीला टेकलेली बाई बारीक होते तेव्हा तिला कुणी आजारी म्हणत नाही. नवरा हळदीच्या बाजारात, मोंढ्यात, मापाडी आहे, दिवसभर पोत्यांकडं बघणारा माणूस. तो एवढंच म्हणाला, "पोतं अर्धं झालं तुझं." तेही मी कौतुक म्हणूनच घेतलं.

शेवटी मी भाऊंना म्हटलं, "माझ्या पाठीलाही पाय लावा."

"बायांच्या पाठीला मी पाय लावत न्हाई. पाप लागतं."

"मी बाई नाही. मी कंडक्टर आहे," मी म्हटलं आणि घंटी दिली.

शिरड शहापूर येईपर्यंत त्यांनी त्याचा विचार केला असणार. हँडब्रेक ओढून खाली उतरले, दारापाशी आले आणि म्हणाले, "बराबर हाय. फिरा." भर फाट्यावर, चहाच्या टपरीवरच्या दहा माणसांसमोर, मी गाडीचा दांडा धरून उभी राहिले आणि त्यांनी खाकीवर तीनदा तळवा टेकवला. टपरीवाला म्हणाला, "भाऊ, गाडीलाबी एक लावा, लई आवाज करून राहिली." दुसऱ्या आठवड्यात पुन्हा एकदा लावून घेतला. दोन्ही वेळा मला बरं वाटलं, हे खरं आहे आणि ते सांगायलाच पाहिजे.

मग त्यांनी माझी तक्रार केली.

मला कंट्रोलरकडून कळलं. ड्युटी संपवून मी मशीन जमा करायला गेले तर तो म्हणाला, "बाई, तुमच्या ड्रायव्हरचं म्हणणं आहे, तुमची घंटी उशिरा येऊन राहिली." मला वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नव्हती. भाऊंनी रीतसर तोंडी सांगितलं होतं की महिनाभरापासून बाईचं कामात लक्ष नाही, शेवटचा माणूस चढल्यावर गाडी उगीच उभी राहते.

मी तडक वर्कशॉपकडं गेले. भाऊ टायरला दगडानं ठोकून बघत होते. टायरमधली हवा ते कधी मापायचे नाहीत, ठोकून ऐकायचे.

"मला सांगायचं होतं ना आधी," मी म्हटलं. "कंट्रोलरला कशाला?"

"सांगितलं असतं तर तुमी भांडल्या असत्या."

"आता काय करतेय मग?"

"आता बी भांडून राहिल्या," ते म्हणाले, "पर तक्रार झाली."

तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना त्याचा फारसा फरक पडला नसावा. पण मी मनाशी ठरवलं, की या माणसाला घंटी अशी वेळेवर देईन की त्याला क्लच दाबायला फुरसत मिळणार नाही. आणि तेव्हा मला कळलं की देता येत नाही. शेवटचा प्रवासी चढला की मी पूर्वी मशीनवर तिकिटं काढत काढत दोन ढांगांत दोरीपाशी पोचायचे. आता त्याच जागेला चार पावलं लागत होती, आणि चौथं पाऊल टाकताना मी सीटचा दांडा धरत होते. आधीपासूनच धरत असणार. लक्षात आलं नव्हतं एवढंच. पाय घाई करायला सांगितलं की ऐकत नव्हते. गाडी हलते म्हणून तोल जातोय म्हणावं, तर गाडी उभीच असायची.

मी हे कुणाला सांगितलं नाही. दांडे धरून काम चालत होतं.

ज्या दिवशी ते थांबलं तो दिवस बाजाराचा होता. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. औंढा सोडून आम्ही शिरड शहापूरच्या दिशेनं निघालो होतो, दोन्हीकडं हळदीची शेतं. मी मागून तिकिटं काढत पुढं आले आणि मागच्या सीटवरची एक बाई ओरडली, "कंडक्टरबाई, चप्पल राहिली की तुमची इथं!" मी खाली बघितलं. डावा पाय चपलेत होता. उजवा अनवाणी होता, पत्र्यावर. लोक हसले, मीही हसले. चप्पल डोक्यांवरून हातोहात पुढं यायला लागली.

भाऊंनी आरशात ती चप्पल बघितली असणार. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

हे किती विचित्र होतं ते सांगते. थांबा नसलेल्या जागी ते कुणासाठी थांबत नसत. एकदा त्यांचे स्वतःचे सासरे शेताच्या बांधावरून हात करत राहिले आणि हे समोर बघत निघून गेले. सासरे पुढं वर्षभर त्यांच्या घरी जेवले नाहीत. आणि आता मध्येच, ना फाटा ना झाड, गाडी उभी. मागून कुणीतरी विचारलं, "काय झालं, टायर बसलं का?"

भाऊ केबिनमधून उतरले, वळसा घालून मधल्या दारानं चढले. चप्पल तेवढ्यात त्यांच्याच हातात आली होती.

"ही पायातनं गेली तवा कळली का तुमाला?"

"गर्दी आहे भाऊ, कसं कळणार?"

"गर्दीचं न्हाई इचारलं. पायाला कळलं का?"

त्यांनी वाकून माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला बोटानं जोरात दाबलं. सगळी गाडी बघत होती. दाबलेलं मला दिसलं. लागलं नाही.

"ड्रायव्हर, बाईला सोडा की, उशीर होऊन राहिला!" एक जण ओरडला. दुसरा म्हणाला, "अरे त्यांला भांडू दे, घरचं भांडण हाय." त्यांनी तिकडं लक्ष दिलं नाही.

"आमच्या घरी मेंढरं," ते मला म्हणाले. ते पुसेगावकडचे, बाप-आजे मेंढपाळ. "मेंढराचा पाय दुखला तर ते लंगडतं. आमी फिकीर करत न्हाई. पर पाय इसरलं ना, तर मंग ते पडतं. इसरलेला पाय वाईट. उद्या नांदेडला जा. मोठ्या दवाखान्यात."

"अहो तुम्ही पाय लावा ना एकदा, संध्याकाळी."

ते माझ्यावर खेकसले. तीन वर्षांत पहिल्यांदा. "न्हाई लावणार! पुन्ना नाव काढू नका." चप्पल माझ्या पायाशी ठेवली, उतरले, पुढं जाऊन बसले. मी घंटी दिली. उशिराच दिली असेल.

नांदेडच्या डॉक्टरनं एमआरआय काचेवर लावला आणि बराच वेळ बघितला. तरुण होता, केस विंचरायला वेळ न मिळालेला, पण बोलायला सरळ. म्हणाला, मणक्याला टीबी झालाय. सुईनं पू काढून तपासू, पण मला शंका नाही.

"मला खोकला नाही," मी म्हटलं. माझ्या दृष्टीनं विषय तिथं संपत होता.

"हाडाला खोकला येत नाही, मावशी," तो म्हणाला.

मग त्यानं दाखवलं. एकावर एक ठेवलेल्या मणक्यांमध्ये दोन मणके समोरून खाल्लेले होते, किडलेल्या दातासारखे. तिथं पू साचला होता आणि तो मागं, पायांना निरोप नेणाऱ्या मज्जारज्जूवर दाबत होता. तपासणीतही टीबीच निघाला आणि औषध सुरू झालं. पण त्याच आठवड्यात माझा उजवा पाय पलंगावरून उचलेनासा झाला. डॉक्टर म्हणाला, औषधानं जंतू मरतील, पण तेवढे दिवस मज्जारज्जू दाब सोसणार नाही. ऑपरेशन करावं लागेल. पू आणि सडलेलं हाड काढायचं, त्या जागी कमरेचं थोडं हाड बसवायचं, वरच्या-खालच्या चांगल्या मणक्यांत स्क्रू घालून दोन सळया लावायच्या, म्हणजे पाठ कोसळणार नाही. पुढं औषध वर्ष-दीड वर्ष चालेल, ते ऑपरेशन झालं तरी सुटणार नाही.

"नाही केलं तर?"

"पाय जाऊ शकतात. आणि लघवीवरचा ताबा."

"केलं तर?"

"बहुतेक परत येतील. शंभर टक्के मी कशाचंच सांगत नाही."

मला हे बोलणं पटलं. सही मी तिथंच केली, पाय माझे होते. पण घरच्या माणसाचीही सही त्यांना हवी होती, आणि माझा नवरा करेना. त्याची मावशी पाठीच्या ऑपरेशननंतर खाटेवरच राहिली, ती शेवटपर्यंत. तिला कोणता आजार होता, ऑपरेशन कशाचं होतं, ते त्याला माहीत नव्हतं. त्याला फक्त खाट आठवत होती. "मणक्याला चाकू लागला की माणूस उठत नाही," एवढं एकच वाक्य तो तीन दिवस म्हणत होता. भांडत नव्हता. भांडला असता तर मी जिंकले असते. तो नुसता कॉटच्या कडेला बसून राहायचा आणि पेन घ्यायचा नाही.

चौथ्या दिवशी सकाळी भाऊ आले. रजा काढून आले होते, हातात केळी. पहिल्यांदा ते माझ्याकडं आलेच नाहीत. राउंडला आलेल्या डॉक्टरला त्यांनी दारातच गाठलं.

"साहेब, म्या या बाईच्या पाठीला दोनदा पाय लावला. पायाळू हाय मी. माझ्या पायानं बिघडलं का?"

डॉक्टर हसला नाही, हे त्याच्या बाजूनं मी नेहमी सांगते. म्हणाला, "तुमच्या पायानं टीबी येत नाही आणि जातही नाही. पण कुजलेल्या मणक्यावर दाब पडला तर तो बसू शकतो. या वेळी नशीब चांगलं. पुन्हा कुणाच्या पाठीला लावू नका."

"न्हाई लावणार," भाऊ म्हणाले. आणि मग ते माझ्या नवऱ्याशेजारच्या स्टुलावर बसले आणि बोलायला लागले.

हा माणूस एवढं बोलू शकतो हे डेपोत कुणालाच माहीत नव्हतं. वॉर्डात कुठलं चाक फिरत नव्हतं, कुणी घंटी देत नव्हतं. पाट्यांपासून त्यांनी सुरुवात केली. गाडीच्या खाली धक्के सोसणारे लोखंडी पाटे असतात, एक पाटा तुटला की गाडी एका अंगाला बसते, मग तुम्ही सीटला नवी गादी घालून उपयोग नाही, पाटा खोलावाच लागतो. तिथून ते मेंढरांवर गेले. मेंढरांवरून त्यांच्या धाकट्या भावाच्या बोअरवेलवर. बोअरवेलमध्ये अडकलेली मोटर कशी वर काढली, ते पाइपागणिक सांगितलं. नवरा मध्ये मध्ये "व्हय" म्हणत होता. शेजारच्या कॉटवरच्या म्हातारीनं कूस बदलली. जेवणाची गाडी येऊन गेली. भाऊ परत पाट्यांवर आले.

"मापाडी, तुमी सांगा, काटा वाकडा झाला तर दुरुस्त करता का न्हाई? का पोत्यालाच शिव्या देता?"

"काटा वेगळा," नवरा म्हणाला.

"कसा काय वेगळा? ऐका..."

आणि त्यांनी काटा का वेगळा नाही ते अर्धा तास सांगितलं. माझ्या नवऱ्यानं शेवटी दोन्ही हात वर केले. "द्या तो कागद," तो नर्सला म्हणाला, "करतो सही. पर या माणसाला कुणीतरी गप्प करा!"

त्यांच्या मुद्द्यांनी नवरा पटला असं मला वाटत नाही. त्याला तीन दिवस कुणीतरी आपल्यापेक्षा जास्त बोलायला हवं होतं, म्हणजे त्या खाटेचा विचार करायला जागा उरली नसती. ते काम भाऊंनी केलं.

दुसऱ्या दिवशी मला ऑपरेशनला न्यायला ट्रॉली आणली. मला तिच्यावर सरकवलं. नवरा एका बाजूला, भाऊ दुसऱ्या. भाऊ वाकून म्हणाले, "बाई, महत्त्वाचं हाय. भुलीचं इंजेक्शन द्यायला घेतील ना, तवा तुमी आदी..."

वॉर्डबॉयनं ट्रॉली ढकलली. चाकं फिरली. भाऊंचं तोंड मिटलं.

"काय आदी?" मी विचारलं. ते बरोबर चालत होते. "अहो भाऊ, काय आदी?" ते समोर बघत होते. लिफ्टमध्ये ट्रॉली थांबली, पण त्यांना लिफ्टमध्ये घेतलं नाही. दार लागताना मी पडल्या-पडल्या ओरडले, "सांगा की!" वॉर्डबॉय दचकला.

ऑपरेशनला जाताना माणूस देवाचं नाव घेतो म्हणतात. मी भूल चढेपर्यंत त्या माणसाला शिव्या घातल्या. आदी काय? काही खायचं नाही, ते माहीत होतं. दागिने काढले होते. घाबरायचं राहूनच गेलं. नाकावर मास्क आला तेव्हाही मी तेच शोधत होते.

ऑपरेशन सहा तास चाललं. एक रात्र अतिदक्षतेत ठेवलं, तिथलं मला फार आठवत नाही. कुणीतरी "बोटं हलवा" म्हणत होतं आणि मी झोपेत काहीतरी उत्तर देत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॉलीवरून वॉर्डात आणलं. चौघांनी चादर धरून मला कॉटवर घेतलं, ओंडका घेतात तसं. ट्रॉली भिंतीला लागली.

"...पायाची बोटं हलवून ठेवा," भाऊ म्हणाले. "म्हंजी मागून ताळा लागतो, किती फरक पडला त्याचा."

"हे आता सांगता?" मला मोठ्यानं बोलता येत नव्हतं, पण तेवढं मी बोलले. "आता याचा काय उपयोग? काल सांगायचं नाही?"

"चाक फिरलं ना, बाई."

मला इतका राग आला की मी पाय झटकायला गेले. पाय झटकला गेला नाही. पण चादर माझ्या उजव्या अंगठ्याला घासली, आणि ती घासलेली मला कळली. खरखरीत होती. सरकारी साबणानं धुतल्यासारखी. पायथ्याशी उभा असलेला माझा नवरा चादरीकडं बघत होता. "पुन्हा कर," तो म्हणाला. मी केलं. चादरीखाली अंगठा उंदरासारखा हलला. भाऊ मागं फिरून खिडकीबाहेर बघायला लागले आणि नवरा खुर्चीत बसून ढसाढसा रडला. मी दोघांनाही पाणी प्यायला सांगितलं.

पुढचं सगळं सावकाश झालं. तीन महिने पट्टा, जो घालायला-काढायला दोन माणसं लागायची आणि ज्याच्याखाली उन्हाळ्यात घामोळं यायचं. आधी वॉकर, मग काठी, मग भिंत. रोज सकाळी गोळ्या. घरी आल्यावर नवऱ्यानं लघवी नारिंगी बघितली आणि तो डॉक्टरला फोन करायला निघाला. गोळ्यांनी असं होतं हे दवाखान्यात आधीच सांगितलं होतं, त्याचं लक्ष नव्हतं. भाऊंचा फोन रोज यायचा, गाडी उभी असताना. "बाई, गोळी..." आणि मागं डबल घंटी, फोन बंद. वीस मिनिटांनी पुन्हा, "...घेतली का?" एकदा मी चिडून म्हटलं, एका थांब्यात काय ते विचारा. ते म्हणाले, थांबा छोटा असतो.

दीड वर्षानं गोळ्या बंद झाल्या. गाडीचे धक्के डॉक्टरनं नको म्हटले, म्हणून आता मी डेपोत पासच्या खिडकीत बसते. घरून चालत जाते, चालत येते. थंडीत पाठ आवळते. एवढ्यावर सुटले.

भाऊ दरम्यान निवृत्त झाले आणि गावी गेले. मागच्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. मोठ्या रस्त्याला उतरून त्यांच्या आखाड्यापर्यंत, म्हणजे शेतातल्या घरापर्यंत, बरंच चालावं लागतं, ते मी मुद्दामच चालले. जवळ गेले तर अंगणात सहा-सात माणसं पाठ धरून बसलेली. गाडीवाटेनं आलेला एक ऑटोही उभा होता.

"आल्या का," भाऊ म्हणाले. ते बाजेवर बसले होते, बाजूला दोन करडं बांधलेली. "बघा तुमचे उपकार. डेपोत तुमी सांगत सुटल्या, भाऊनं वळखलं, भाऊनं वळखलं. आता तालुका येऊन राहिला माझ्या दारात."

"आणि तुम्ही पाय लावता?"

"लावतो कशाला! नुस्तं इचारतो. सांजच्याला ताप येतो का, वजन उतरलं का, पायाला कळतं का. तिन्हीचं न्हाई म्हणला तर घरी जाऊन तेल लाव म्हणतो. एकाचंबी व्हय म्हणला की दवाखाना."

"पायाळू असून पाय लावत न्हाई," बाजूचा एक जण माझ्याकडं बघून म्हणाला. "काय कामाचा असला माणूस?"

"चल निघ," भाऊ त्याला म्हणाले. "तुला तेलाचं सांगितलं ना?"

ऑटोत मागच्या सीटवर एक तरुण बाई आडवी पडली होती. तिची सासू, डोक्यावरून ओढणी घेतलेली म्हातारी, भाऊंसमोर उभी होती. त्यांच्या घरी शेळ्यांचा धंदा. सुनेला तेच झालं होतं जे मला झालं होतं. डॉक्टरनं नांदेडला ऑपरेशन सांगितलं होतं, आणि म्हातारी दोन दिवस त्याच्याऐवजी पायाळू शोधत फिरत होती.

"पीठ को छुरी लगी तो आदमी गया," ती म्हणाली. "हमारे मोहल्ले में देखे हम."

भाऊ माझ्याकडं वळले. ते मला म्हणाले, "बाई, चाला."

मला वाटलं ते मला जायला सांगतायत. "आत्ता तर आले."

"तसं न्हाई. या म्हातारीला चालून दाखवा."

माणसांसमोर असं चालायला मला आवडलं नाही. पण मी पिशवी बाजेवर ठेवली आणि अंगणातून बाभळीपर्यंत गेले आणि परत आले. म्हातारी माझ्या तोंडाकडं बघत नव्हती, पायांकडं बघत होती. मग माझ्या मागं आली, विचारलं न विचारलं आणि माझा कुडता वर करून पाठीवरच्या व्रणावरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत.

"अंदर लोहा है?"

"हो. दोन सळया आहेत."

"तकलीफ होती?"

"थंडीत होते. थोडी."

तिनं कुडता खाली ओढला. मग म्हणाली, "एक बार और चलके बताव."

मी पुन्हा बाभळीपर्यंत गेले. वळले तेव्हा ऑटोतली सून एका कोपरावर उठली होती आणि सीटच्या कडेवरून माझ्याकडं बघत होती. मी परत आले. म्हातारीनं ओढणी नीट केली आणि ऑटोवाल्याकडं वळली.

"नांदेड कितना दूर है रे, यहां से?"